बोटं तापवायची वीस मिनिटं

माझी आणि गिटारची ओळख भांडणातून झाली. अकोल्यात मी ज्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, तिच्या वरच्या मजल्यावर कोणीतरी गिटारचा क्लास सुरू केला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला आमच्याकडे रिपोर्ट न्यायला गर्दी होते आणि नेमकं त्याच वेळी वरून दणदण सुरू व्हायचं. आठ-दहा जण एकदम पाय आपटत असावेत तसं. एकदा एका म्हाताऱ्या बाईंची शीर सापडत नव्हती. शेवटी सापडली, सुई टेकवली, आणि वरून दणका आला. बाई दचकल्या, हात हलला. त्यांच्या हातावर कापूस दाबला, त्यांना सोबतच्या टेक्निशियनकडे सोपवलं, ग्लोव्हज काढले आणि तरातरा जिना चढले.

वर एक सत्तरीला आलेले गृहस्थ बाजेवर बसले होते. समोर सतरंजीवर कॉलेजातल्या पोरी, एक बँकेतला माणूस, एक नव्यानं निवृत्त झालेल्या शिक्षिका. प्रत्येकाच्या मांडीवर गिटार.

"खाली पेशंट असतात," मी म्हणाले. "पाय आपटायचे बंद करा."

"आपटून नाई रायले मॅडम, ताल धरून रायले," ते गृहस्थ म्हणाले. मग माझा चेहरा पाहून सरळ झाले. "बरं, सांगतो याईले. पण बसा दोन मिनिटं. यायची बोटं तापू द्या, मंग सांगतो. मधात नाई बोलत मी."

मी दाराशीच बसले. सगळ्यांचे डोळे आपापल्या डाव्या हाताकडे होते. गाणं नव्हतं, सूरही म्हणता येणार नाही. चार बोटं एकामागून एक तारेवर टेकत होती: पहिलं, दुसरं, तिसरं, करंगळी. मग खालची तार, पुन्हा चार बोटं. सहा तारा संपल्या की एक घर पुढे सरकायचं आणि उलट परत यायचं. कोणी घाई करत नव्हतं. दिवसभर माणसं माझ्यासमोर हात पसरून डोळे मिटून बसतात. इथे सगळे डोळे उघडे ठेवून स्वतःच्या हाताकडे बघत होते. दोन मिनिटांची वीस कधी झाली कळलं नाही. पुढच्या महिन्यात मी क्लासला नाव घातलं. तेव्हा मला त्रेचाळिसावं सुरू होतं.

सर एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. नोकरी करता करता लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, सगळीकडे हिंडलेले. त्यांचा एकच नियम होता. वीस मिनिटं बोटं तापवल्याशिवाय एकही कॉर्ड धरायची नाही. "थंडं इंजिन एकदम रेस केलं का काय होते? आवाज लय येते, पण आतमधी घासते," ते म्हणायचे. आधी दोन्ही हात एकमेकांवर चोळायचे, मग मूठ वळायची आणि उघडायची, मग प्रत्येक बोट अंगठ्याला टेकवायचं, आणि मग ते तारांवरचं चालणं. ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक अगदी संथ लावून.

पहिलं वर्ष छान गेलं. मी पहाटे उठायचे, नवरा उठायच्या आधी स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ स्टूल घेऊन बसायचे आणि बोटं तापवायचे. मुलगी शिकायला बाहेरगावी होती, घर शांत होतं. त्या वीस मिनिटांत मला काही सिद्ध करायचं नसायचं. बोटं चालायची आणि मी मागून चालायचे.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत पहिल्यांदा खटकलं. डाव्या हाताचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही मुळाशी जड वाटायला लागली. मूठ वळायला गेले की शेवटचं बोटभर अंतर राहायचं, नखं तळव्याला टेकायची नाहीत. मी म्हटलं, थंडी आहे. गरम पाण्यात हात बुडवले, पुसले, आणि बसले. वीस मिनिटांऐवजी तीस लागली, पण झालं.

आपल्याकडे थंडी राहून राहून राहते किती? फेब्रुवारीत दुपारी पंखे सुरू झाले. थंडी गेली आणि बोटं तशीच राहिली.

तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. कारण हे मी आधी पाहिलेलं होतं.

माझं माहेर अमरावतीचं, गावाबाहेर मोर्शी रस्त्याला. आमचा फुलांचा मळा होता. शेवंती, झेंडू, थोडा निशिगंध. वडील आणि काका पहाटे फुलं तोडायचे आणि आई हार गुंफायची. अंबादेवीकडच्या दुकानांना आमच्याकडून हार जायचे. आईसारखा हार कोणाला जमायचा नाही, असं दुकानदारच सांगायचे. ती बोलता बोलता गुंफायची, हाताकडे बघायचीसुद्धा नाही. मग हळूहळू ती हाताकडे बघायला लागली. मग हार काकूकडे गेले आणि आई नुसती फुलं निवडायला लागली. मग तेही सुटलं. मी बारावीला होते तेव्हा तिची बोटं करंगळीच्या बाजूला झुकायला लागली होती, वाऱ्यानं ज्वारीचं धांडं एका अंगाला कलावं तशी. आमवात, असं कोणीतरी डॉक्टर म्हणाले. तोवर उशीर झालेला होता. आज ती बहात्तर वर्षांची आहे आणि भावाची बायको तिची वेणी घालून देते.

तर मला कळत होतं. खरं सांगायचं तर कळण्याचा माझा धंदाच होता. सांध्याच्या आजाराचे किती रिपोर्ट माझ्या हाताखालून गेले असतील! आलेल्या बाईला मी स्वतः विचारायचे, सकाळी हात आखडतात का, दोन्ही हात का एकच. आणि ती हो म्हणाली की मनात म्हणायचे, बाई, तू लवकर यायला हवं होतंस.

स्वतःच्या बाबतीत मी काय केलं? वही केली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमागे एक छोटी वही ठेवली आणि रोज सकाळी मूठ पूर्ण मिटायला किती मिनिटं लागली ते लिहायला लागले. पंचवीस. तीस. पंचवीस. चाळीस. एखाद्या दिवशी वीस आलं की मला इतका आनंद व्हायचा की मी लॅबला निघताना गुणगुणायचे. दुसऱ्या दिवशी पन्नास. मग त्याची कारणं शोधायची. काल कपडे पिळले होते. काल दही खाल्लं होतं. उशाखाली हात घेऊन झोपले होते. वही भरत गेली आणि माझ्याकडे कारणंही भरपूर झाली.

ज्या वीस मिनिटांसाठी मी गिटार घेतली होती, ती माझी रोजची परीक्षा झाली. पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवायचं, हात बुडवायचे, डोळे घड्याळावर. मे महिन्यात अकोल्याची माणसं माठातलं पाणी मानेवर घेत होती आणि मी पहाटे पाच वाजता हात गरम पाण्यात घालून बसले होते. साऱ्या गावात तशी मी एकटीच असेन.

नवऱ्यानं एकदा विचारलं, "काय करते गं तू पाणी तापवून?"

"सरांनी सांगितलंय. बोटांना बरं असतं."

खोटं नव्हतं पूर्ण. पण त्याच आठवड्यात लोणच्याच्या बरणीचं झाकण मी त्याच्याकडे दिलं, आणि मग गॅसच्या रेग्युलेटरचं, आणि मग माझ्या गळ्यातल्या पोतीचा फासा. त्यानं सगळं उघडून दिलं. मला वाटलं त्याच्या लक्षात आलं नाही.

क्लासमध्ये सरांच्या मात्र आलं. पण भलतंच आलं. संध्याकाळपर्यंत बोटं बरीच मोकळी व्हायची, तरी बाकीचे चार तारा उतरायचे तेवढ्यात मी दोनच. करंगळी टेकायची, तिच्या शेजारचं बोट मागे राहायचं. सर टाळी वाजवून सगळ्यांना थांबवायचे आणि मला एकटीला वाजवायला लावायचे.

"मॅडम, घरी सराव नाई करून रायल्या तुमी."

"करते सर."

"मंग बोटं काहून झोपून रायली? मागच्या वर्षी चांगली पळत होती ना व ही. बोटं खोटं नाई बोलत. माणूस बोलते."

सगळे हसले. सर वाईट नव्हते, ते असंच बोलायचे, बँकेतल्या माणसाला तर याहून जास्त ऐकवायचे. मी पण हसले. मग एफ नावाची कॉर्ड आली. त्यात पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा दाबाव्या लागतात आणि बाकीची तीन बोटं त्याच्यापुढे वळून बसतात. मी दाबली आणि मधल्या बोटाच्या मुळातून अशी कळ निघाली की हात आपोआप सुटला. गिटारची मान खाली गेली, सतरंजीवर टोक आपटलं. सरांनी पुढच्याला वाजवायला लावलं. ते काही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

पण गिटारचं काय, सोडून देता आली असती. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी लॅबमध्ये एका माणसाची शीर चुकले. एकदा नव्हे, दोनदा. पंचवीस वर्षांत असं फार कमी वेळा झालंय. ज्या बोटानं शीर चाचपडते तेच बोट जाड झाल्यासारखं, कापड गुंडाळून चाचपडावं तसं लागत होतं. तो माणूस समजूतदार होता. म्हणाला, "राहू द्या ताई, दुसऱ्या हातातून घ्या." मी त्याचं रक्त घेतलं, लेबल लावलं आणि मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले. हे गेलं तर मी काय करणार? गिटार नव्हती तेव्हाही मी होते. पण शीर सापडत नसेल तर मी कोण?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये कोणी नव्हतं. मी दार लोटलं, रबराचा पट्टा दातात धरून स्वतःच्या डाव्या दंडाला आवळला आणि रक्त काढलं. आमच्याकडे आमवाताची एक साधी तपासणी आहे. काळ्या पाटीसारखी छोटी काच असते. तिच्यावर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब टाकायचा, शेजारी दुधासारख्या पांढऱ्या द्रवाचा एक, दोन्ही काडीनं मिसळायचे आणि काच हातात धरून दोन मिनिटं अलगद डोलवायची. दूध दुधासारखंच राहिलं तर काही नाही. दूध फाटलं, बारीक कण दिसले, तर आहे. हजारदा केलेलं काम. त्या द्रवाची बाटली माझ्या खुर्चीपासून चार पावलांवरच्या फ्रिजमध्ये होती आणि तिथपर्यंत जायला मला पाच महिने लागले होते.

पहिल्या मिनिटाला काही दिसलं नाही. मी उजेडाखाली काच धरून डोलवत होते आणि मनात चक्क प्रार्थना करत होते, जी मी एरवी करत नाही. दीड मिनिटाला कडेला काहीतरी खरखरीत वाटलं. मी काच जवळ आणली. मग सगळीकडे. लहान पोराच्या तोंडातून दूध उलटावं तसे कण.

मी काच साबणाच्या पाण्यात टाकली. तपासणीच्या वहीत काही लिहिलं नाही. सुट्टी संपली, दार उघडलं, आणि संध्याकाळपर्यंत अकरा जणांचं रक्त घेतलं. एकाचीही शीर चुकली नाही. का, ते माहीत नाही.

रविवारी मी नवऱ्याला म्हणाले, आईला भेटून येते, आणि अमरावतीची एसटी पकडली. का चालले होते ते मलाही नीट सांगता आलं नसतं. तिला सांगायचं नाही, एवढं ठरवलं होतं. ती स्वतःच्या हातांवर कधी रडली नाही, पण माझ्या हातांवर रडेल, हे मला सोसणार नव्हतं. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. मी खिडकीशी बसून सारखी मूठ वळत होते आणि सोडत होते. शेजारची बाई शेवटी म्हणाली, "मुंग्या येऊन रायल्या का व हाताले?" मी हात पदराखाली घेतला.

घरी भाऊ आणि त्याची बायको मळ्यात गेले होते. आई ओसरीत खुर्चीवर बसली होती. मी चहा केला. तिचा चहा रुंद तोंडाच्या वाटीत, दोन्ही तळव्यांनी उचलता येईल असा. माझा कपात. मी तिच्यासमोर बसले आणि कपाचा कान न धरता पूर्ण कप दोन्ही हातांत धरून राहिले. हल्लीच्या सवयीनं. ती माझ्या चेहऱ्याकडे नाही, कपाकडे बघत होती.

"चहा पी ना. थंडा होऊन रायला," ती म्हणाली.

"पिते."

"कधीपासून आहे?"

"काय कधीपासून?"

"इकडं आण हात."

"आई, काही नाही गं."

"आण म्हणते ना."

मी डावा हात पुढे केला. तिनं आपल्या वाकड्या बोटांनी माझा पंजा आडवा धरला आणि बोटांची मुळं एकमेकांवर दाबली, भाजीवाल्याकडचं लिंबू दाबून बघावं तशी. ताकद काहीच नव्हती तिच्या हातात. तरी मी ओरडले.

तिनं हात सोडला नाही. मग म्हणाली, "लहानपणी माह्या वाटचा चहा कोण प्यायची?"

"मी."

"काहून प्यायची?"

मला आठवलं. पहाटे आई स्टीलचा गिलास भरून चहा घ्यायची आणि हातात धरून चुलीपाशी बसून राहायची. प्यायची नाही. थंड झाला की मला द्यायची. मला वाटायचं, आईला चहा आवडत नाही. भावंडांत मी ते मिरवायचे.

"बोटं शेकत होती मी," आई म्हणाली. "तुह्या बाबाले मालूम नव्हतं, तुह्या आजीले नव्हतं. हार गुंफाचे होते ना मले. मी म्हटलं, सांगतलं तर हार दुसऱ्याले देतीन. तीन वर्षं लपवलं मी. चौथ्या वर्षी लपत नव्हतं, मंग सांगतलं. डाक्टर म्हणे, बाई, तीन वर्षं आधी काहून नाई आल्या?" ती थांबली. "तू किती दिवस लपवून रायली?"

"थंडीपासून."

"जावाईबापूले सांगतलं?"

"नाही."

"म्हंजे माह्यासारखीच येडी निंगाली."

मी रडायला लागले. ती नाही रडली. मी ज्याला घाबरून गप्प बसले होते ते झालंच नाही. तिनं मला भावाला फोन लावायला सांगितलं, कारण तिला बटणं दाबता येत नाहीत, आणि फोनवर त्याला म्हणाली, "नागपूरवाला तो सांध्याचा डाक्टर येते ना इथं, त्याचा नंबर लाव. माह्यासाठी नाई. हिच्यासाठी. आजच लाव."

डॉक्टर बाई निघाल्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पंधरा दिवसांतून एकदा नागपूरहून अमरावतीला यायच्या. नवरा माझ्याबरोबर आला. वाटेत गाडीत तो म्हणाला, "झाकणं उघडून देताना विचारणार होतो. वाटलं, तूच सांगशील."

डॉक्टरांनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या, जास्त नेमक्या. मी त्यांना माझी वही दिली. मला वाटलं होतं त्या हसतील. त्यांनी पानं उलटून शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, "असं लिहून आणणारे पेशंट मला मिळत नाहीत. फक्त ही वही पाच महिने आधी आणायची होती."

आमवातच होता. पण हाडं अजून शाबूत होती. आईच्या वेळी नव्हती ती औषधं आता आहेत, त्या म्हणाल्या. आठवड्यातून एकदा गोळी, बाकीच्या दिवशी दुसरी, दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं, आणि मनानं काही बंद करायचं नाही. फरक पडायला दोन-तीन महिने जातील. बोटं आईसारखी होणार नाहीत असं वचन त्या देणार नाहीत, पण होऊ नयेत यासाठीच हे सगळं.

"गिटार?" मी विचारलं.

"सूज असेल त्या दिवशी नाही. नसेल त्या दिवशी वाजवा. दुखलं की थांबा. दुखणं रेटून वाजवायचं नाही."

आता सरांना सांगायचं राहिलं होतं. मी तीन आठवडे क्लासला गेले नव्हते. ते माझ्या गैरहजेरीवर काय बोलत असतील याची मनात उजळणी करत जिना चढले. मुद्दाम पाच वाजता गेले, क्लास भरायच्या आधी. सर एकटेच होते, कोणाच्या तरी गिटारच्या तारा बदलत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. आजाराचं नाव, गोळ्या, आई, लॅबमधली ती काच.

ते पक्कड हातात धरून ऐकत राहिले. माझं झाल्यावर म्हणाले, "म्हंजे मी तुमाले सगळ्यायसमोर आळशी म्हणत होतो तवा तुमची बोटं दुखत होती."

"तुम्हाला काय माहीत होतं सर."

"मालूम कराले पायजे होतं. तीस वर्षं गाडीचा आवाज ऐकून खराबी सांगतली मी. डायवर म्हणे गाडी चढत नाई, तर मी त्याले कधी म्हणलं नाई का तू चालवत नाईस नीट. आधी बोनेट उघडलं." त्यांनी पक्कड खाली ठेवली. "आणा तुमची गिटार."

मी खालून लॅबमधून आणली. त्यांनी चष्मा लावला, तारा आणि लाकडाची पट्टी यांच्यामधलं अंतर डोळ्यासमोर धरून पाहिलं आणि चुकचुकले. तारा फार उंच होत्या, दाबायला जोर लागत होता. त्यांनी त्या सगळ्या काढल्या, वरची खाच कानशीनं घासली, खालची हाडाची पट्टी काढून तीही घासली, पुन्हा बसवून पाहिली, पुन्हा काढून घासली. मग बारीक तारा चढवल्या. तेवढ्यात क्लास भरायला लागला. त्यांनी सगळ्यांना बाहेर व्हरांड्यात बसवलं. पाऊण तास लागला. मग गिटार माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता निसतं टेकवा. दाबू नका."

मी टेकवलं. सूर निघाला. करंगळीनं टेकवलं, तरी निघाला.

"आणि तुमच्यासाठी वीस मिनिटाचा नियम नाई," ते म्हणाले. "तुमाले चाळीस लागले तर चाळीस. नाई तापली त्या दिवशी गिटार भिताडाले टेकवा अन् बसून आयका."

त्या संध्याकाळी त्यांनी पोरांना आत बोलावलं तेव्हा माझ्याबद्दल काही सांगितलं नाही. फक्त माझी जागा सतरंजीवरून उचलून खुर्चीवर दिली.

पहिले दोन महिने गोळीच्या दिवशी पोटात ढवळायचं आणि बोटं जशीच्या तशी. मला वाटायचं, माझ्यावर औषध चालणार नाही. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी दात घासताना माझ्या लक्षात आलं की मी ब्रश घट्ट धरलाय. कधीपासून धरत होते कोण जाणे. बोटं तापायला आता साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. मधेच एखादा आठवडा वाईट जातो. मग मी पुन्हा गरम पाण्याच्या पातेल्यापाशी घड्याळ बघत उभी राहते. भीती गेलेली नाही. पण आता ती मी घरात मोठ्यानं बोलते. नवरा म्हणतो, आज कसे आहेत हात, आणि मी खरं काय ते सांगते. लॅबमध्ये नव्या मुलीला अवघड शिरा शोधायला शिकवते आहे. माझ्या हातांवर सगळं अवलंबून नको, म्हणून.

मागच्या रविवारी गिटार घेऊन अमरावतीला गेले. आईनं कधी ऐकली नव्हती. ओसरीत तिच्यासमोर बसून मी आधी बोटं तापवायला घेतली. पहिलं, दुसरं, तिसरं, करंगळी, खालची तार. ती मान डोलवत ऐकत राहिली, मधेच डोळे मिटले. पंधरा मिनिटांनी मी थांबले तशी म्हणाली, "चांगलं आहे व. पण याच्यात बोल नाईत का?"

"आई, हे गाणं नव्हतं. बोटं तापवत होते."

"मंग गाणं कुठं आहे?"

"आता वाजवते."

मी एक सोपं गाणं धरलं. कडव्यात ती एफ ची कॉर्ड येते. तिथे मी अर्धीच धरते, चारच तारांवर, डॉक्टर आणि सर दोघांच्या सांगण्यावरून. पहिल्यांदा नीट बसली. दुसऱ्यांदा तिसरं बोट मागे राहिलं आणि एक तार नुसतीच खट्ट वाजली. मी आईकडे पाहिलं. ती माझ्या हाताकडे बघत होती आणि तिचा स्वतःचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता. तिची बोटं थोडी थोडी हलत होती. कळवळून होतं, की हार गुंफण्याच्या सवयीनं, मी विचारलं नाही.

मी तो भाग पुन्हा वाजवला. मग भावाच्या बायकोनं आतून जेवायला हाक मारली.